निनवेचा राजा आणि चिखल्याची बस

तुमसरहून चिखल्याला जाणाऱ्या मिनीबसचे मालक तरुणपणी इराकमध्ये काम करून आले होते. हे त्या रस्त्यावर कोणाला ठाऊक नाही असं शक्यच नव्हतं, कारण ते स्वतःच तसं राहू देत नसत. बस बाजारातून बाहेर पडेपर्यंत ते गप्प असायचे. शेवटचं दुकान मागे पडलं की मान वळवून म्हणायचे, "तं आमचा राजा होता ना..."

नवीन माणसाला वाटायचं, हे इकडच्याच कुठल्या तरी जुन्या राजाबद्दल बोलताहेत. मग हळूहळू उलगडा व्हायचा. राजा असीरियाचा. राजधानी निनवे, आजच्या इराकमधल्या मोसुल शहराला लागून. नाव एसरहद्दन. बसमध्ये त्याचा हद्दनराजा झाला होता, आणि त्याबद्दल मालकांची काही तक्रार नव्हती.

मी तेव्हा चिखल्याजवळच्या शाळेत गणित शिकवत होते. रोजचं जाणं-येणं याच बसने. आता माझी बदली कारध्याला झाली आहे आणि नदीच्या पुलावरून पायी शाळेत जाता येतं. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवल्यावर सवयीप्रमाणे मी आधी मुद्दे काढले. त्यातले अर्धे खोडावे लागले, कारण ते राजाबद्दलचे निघाले. मग वाटलं, राहू द्यावेत. राजा वगळला तर या माणसाबद्दल फार थोडं उरतं.

सगळे त्यांना इराकवाले काका म्हणत. उंच, किंचित वाकलेले. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण अंगावर खाज सुटून चट्टे उठायचे आणि ते लोकांना दिसू नयेत असं त्यांना वाटे. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला एकटी खुर्ची होती, ती त्यांची. बस कितीही भरली तरी तिच्यावर दुसरं कोणी बसत नसे. एकदा एक पोटुशी बाई चढली तेव्हा ते लगेच उठले, तिला तिथं बसवलं आणि मग सबंध रस्ताभर तिला "तुम्ही आता कोणाच्या जागेवर बसल्या माहीत आहे का?" हे समजावून सांगितलं. ती बिचारी अर्ध्या वाटेत गोबरवाहीलाच उतरून गेली.

मोसुलजवळ रस्त्याचं काम चालू होतं, तिथं ते फिटर होते. कंत्राटदाराच्या कोठीवर सामान सांभाळणारा म्हातारा तिथलाच, पूर्वी शाळेत इतिहास शिकवणारा. दुपारच्या चहाला तो यांना राजाची गोष्ट सांगे. थोडी हिंदी, थोडी इंग्रजी, बाकी हातवारे. काका म्हणायचे, "भाषेचं काही अडलं नाही मॅडम. भावाभावाचं भांडण हातानं सांगता येते."

गोष्ट खरोखर भावाभावांचीच होती. हद्दनराजा धाकटा मुलगा. बापानं थोरल्यांना डावलून याला वारस केलं. थोरले चिडले, त्यांच्यातल्या काहींनी बापालाच मारलं. हा परदेशी लपला होता, तो थंडीत सैन्य घेऊन आला आणि गादीवर बसला. इथवर कोणत्याही राजाची असते तशीच कथा. काकांना आवडायचा तो पुढचा भाग. हा राजा इजिप्त जिंकायला निघायचा, पण घरात मात्र भ्यायचा. सतत आजारी. अंगावर चट्टे. काळोखात बसून राहायचा, जेवायचा नाही. वैद्य चिठ्ठ्या पाठवायचे, महाराज काही तरी खा.

"मले थो म्हातारा चिठ्ठीचं सांगे ना, तं मले वाटे, हा आपलाच माणूस आहे," काका म्हणायचे. "राजा असून रोज भ्याचा. आता सांगा, भेव कोणाले नाही?"

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, या राजाचं काडीचं कौतुक नव्हतं. अंगाची आग व्हायला लागली की काका घरातल्या आतल्या खोलीत खिडकी लावून बसत. काकू खिडकी उघडत आणि ताट समोर ठेवत.

"राजाले कोणी असं जबरदस्तीनं जेवू घालत नव्हतं," काका म्हणत.

"त्याची माय होती ना घरात? मी काय तुमची माय आहे? खाता का ताट उचलू?"

काका खात.

चिखल्याला पोचण्याच्या आधी खाणीचे ढिगारे दिसायला लागतात. मॅंगनीज काढून उरलेली काळपट माती वर्षानुवर्षं टाकून झालेल्या टेकड्या. त्यांवर आता झुडपं उगवली आहेत. ते दिसले की काका हमखास बोट दाखवत. "निनवे असंच दिसते. वरून माती, बकऱ्या चरून राहिल्या. आतमंधी महाल." खाणीतले जुने कामगार त्यावर म्हणत, "काका, आमी रोज आत जातो, महाल काही दिसला नाही बाप्पा." रोज तेच वाक्य, रोज तोच हशा. मला या गोष्टीचं सुरुवातीला आश्चर्य वाटे. नंतर मीही वेळेवर हसायला शिकले.

आता ग्रहणाचं सांगायला हवं. हे नीट सांगितलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

असीरियात ग्रहण लागलं की राजाच्या जिवाला धोका आहे असं समजत. मग काही काळापुरता दुसराच कोणी तरी माणूस गादीवर बसवत. त्याला राजाचे कपडे, राजाचं जेवण, सगळा मान. खरा राजा साध्या वेशात बाजूला राहायचा, आणि त्या काळात त्याला महाराज म्हणायचं नाही, शेतकरी म्हणायचं. म्हणजे अरिष्ट आलंच तर त्या बदली राजावर यावं. मुदत संपली की बदली राजाला मारून टाकत, आणि खरा राजा परत गादीवर. हद्दनराजानं हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा केलं. मी नंतर वाचून पाहिलं. काकांच्या गोष्टीतला बराच भाग त्यांच्या पदरचा होता, पण हा भाग खरा निघाला.

तर काका प्रत्येक ग्रहणाच्या दिवशी खुर्ची सोडत. डोक्याला पंचा गुंडाळून शेवटच्या बाकावर जाऊन बसत. कोणी मालक म्हटलं की सांगत, "मालक समोर बसला आहे. मी किसान." पुढे खुर्चीवर बदली मालक. हा मान बहुतेक वेळा कंपाउंडरला मिळे. तो गोबरवाहीच्या एका खासगी दवाखान्यात होता, बोलका आणि वजनदार. काकू त्या दिवशी त्याच्यासाठी पाटवडीचा रस्सा आणि भात डब्यात पाठवत. त्यालाही ते इतकं आवडे की ग्रहणं तोच काकांच्या आधी शोधून काढी. दिवसभर "मालक" म्हणवून घ्यायचं आणि संध्याकाळी तुमसरला उतरताना काकांनी त्याच्या डोक्यावर वर्तमानपत्राची सुरळी हाणायची. "मेला राजा!" सगळी बस म्हणायची. कंपाउंडर जीभ बाहेर काढून दाराच्या दांड्याला लटकायचा.

ग्रहण भारतात दिसणार नाही, पाळू नये, असं पंचांगात असलं तरी काका पाळत. एकदा मी त्यांना तसं म्हणालेही.

"सूर्य एकच आहे ना मॅडम?" ते म्हणाले. "का दिसणाऱ्याचा अलग आन् न दिसणाऱ्याचा अलग?"

गणिताच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. 

त्यांना दोन मुलगे. थोरला बस चालवायचा आणि दुरुस्तही तोच करायचा. धाकटा कंडक्टर. रविवारी त्यांच्या घरावरून गेलं तर थोरल्याचे फक्त पाय दिसत, बाकीचा बसखाली. धाकटा दारात उभा राहिला की म्हाताऱ्या बायांना हात देऊन वर घेई, कोणाच्या घरी कोण आजारी ते विचारी, उभ्या असलेल्यांना सरकवून आणखी माणसं घेई, आणि सरकवलेल्या माणसाला राग येत नसे. थोरला फार तर "हाव" किंवा "नाही" म्हणे. मागून कोणी "गाडी जरा हळू भाऊ" म्हटलं तर तो हळू करी, पण मान वळवून बघत नसे. एक कोणी तरी जास्त कामाचा होता असं नाही. एकाशिवाय बस भरली नसती, एकाशिवाय ती चालली नसती.

बसशिवाय काकांनी पुढे एक जुनी जीप घेतली. ती गोबरवाही ते नाकाडोंगरी फेऱ्या मारी. उत्पन्न बसचं, जीप आपली असावी म्हणून. आणि इथं राजा पुन्हा आडवा आला. हद्दनराजानंही मरायच्या आधी वाटणी केली होती. मुख्य राज्य धाकट्याला, बाबिलोनचं राज्य थोरल्याला. आपल्यामागे भांडण नको म्हणून त्यानं सगळ्या सरदारांना, मांडलिकांना, लहानथोर सगळ्यांना बोलावून शपथ घ्यायला लावली. ही शपथ काकांना फार आवडे. स्वतः ते घरातले धाकटे. थोरल्या भावांनी धानाच्या शेतीच्या सगळ्या बांध्या आपल्याकडे ठेवल्या आणि यांना काही दिलं नाही. म्हणून तर ते इराकला गेले होते. धाकट्याला काही मिळालं पाहिजे हे त्यांच्या मनात फार आधीपासून पक्कं होतं, आणि त्यात मोसुलच्या म्हाताऱ्यानं त्यांना एक धाकटा राजा दिला.

गोबरवाहीला रेल्वेचं फाटक आहे. एका सकाळी ते बंद होतं. बस थांबली. काका खुर्चीवरून उठून आमच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "आता कोणी उतरू नका."

उतरणार कुठं? पुढे फाटक, मागे ट्रकची रांग.

"माझ्यामागं बस धाकट्याची. जीप थोरल्याची. दोघंही आपापल्या जागी मालक. तुम्ही सारे साक्षी. कोणी एकाचे कान दुसऱ्याविरुद्ध भरायचे नाही. कोणी भरताना ऐकलं तं लगेच येऊन सांगायचं. कबूल असंल तं हात वर करा आन् ज्याची त्याची शपथ घ्या. आन् जो मोडंल त्याच्यावरचं आभाळ पितळेचं होवो, त्यातून पाण्याचा थेंब न पडो!"

हा शाप असीरियातलाच आहे, तोही मी नंतर पाहिला.

"पितळेचं आभाळ झालं तं भंडाऱ्याचे भांडेवाले शिड्या घेऊन येतीन ना काका," कंपाउंडर म्हणाला. "पावसाचं काय, साऱ्या आभाळाचे गंज-बटलोया करून टाकतीन."

सगळे हसले, पण हात वर केले. ज्यानं त्यानं आपापल्या श्रद्धेची शपथ घेतली. मीही केला हात वर. रेल्वेगाडी येत नव्हती, शाळेला उशीर होत होता आणि हात वर केल्याशिवाय ते बसणार नव्हते. धाकटा दारात उभा होता, त्याला काय करावं कळेना, तो उगीच तिकिटं चाळत राहिला.

स्टिअरिंगवर थोरला होता. तोंड फाटकाकडे. मालगाडी गेली, फाटक वर झालं, त्यानं गिअर टाकला. मागे वळला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो आपणहून जीपवर. बसला पगारी ड्रायव्हर आला. पुढचं कोणीही सांगू शकलं असतं. बसचं काही ना काही बिघडू लागलं. आधी ज्या आवाजावरून थोरला गाडी बाजूला घेई, तो आवाज नव्या ड्रायव्हरला आवाजच वाटत नसे. आम्ही गोबरवाहीच्या अलीकडे रस्त्यावर उभे, आणि घरून गोबरवाहीला निघालेली थोरल्याची जीप शेजारून जायची. कधी तो थांबून चारदोघांना घेई. मग धाकटा चिडे. "आमचे पॅसेंजर काहून घेतोस बे?" "रस्त्यावर उभे होते." "बसची वाट पाहून राहिले होते थे!" "पाहू दे मंग." एवढंच बोलणं, पण ते सगळ्यांसमोर. मग घरी दोघं एका पंगतीला बसेनासे झाले. शपथ घेतलेल्या आम्हा लोकांची पंचाईत. जीपमध्ये बसलं तर धाकटा बघे, न बसलं तर हेडमास्तर बघत. कंपाउंडर म्हणाला, "आभाळ पितळेचं झालं तरी चालंल, पण मी आज जीपनं जातो."

याच सुमारास भंडाऱ्याच्या वाचनालयात माझं काम होतं. ते आटोपल्यावर मी असीरियावर काही आहे का विचारलं. अर्धवट गोष्ट मला चालत नाही, आणि काकांची गोष्ट नेहमी त्या शपथेपाशीच थांबे. पुस्तक मिळालं. तिथंच उभ्यानं वाचलं.

सोमवारी बसमध्ये मी त्यांना म्हटलं, "काका, शपथेच्या पुढचं तुम्ही कधी सांगत नाही."

"पुढं काय? राजा इजिप्तकडे निघाला, वाटेत वारला. पोट्टे गादीवर बसले. त्याच्या मायनं पुन्हा साऱ्यांकडून शपथ घेतली. झालं. इथवर म्हाताऱ्यानं सांगितलं, तितक्यात लढाई जवळ आली, आमचं काम बंद पडलं, मले परत पाठवलं."

म्हणजे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं. काही वर्षं बरी गेली. मग थोरल्यानं धाकट्याविरुद्ध बंड केलं. धाकट्यानं बाबिलोनला वेढा घातला, शहर उपाशी पडलं, शेवटी आग लागली.

"आन् थोरला?"

"त्या आगीतच गेला असं लिहिलंय."

"जळला?"

"हो."

 ढिगारे आले. बोट वर झालं नाही. खाणीतल्या एकानं आठवण म्हणून "काका, महाल?" विचारलं, तर ते म्हणाले, "गप बस ना गा."

त्यानंतर ते काही दिवस बसवर आलेच नाहीत. अंगावरचे चट्टे वाढले होते. आतल्या खोलीत खिडकी लावून बसले होते, असं काकूंनी बाजारात सांगितलं. "मी खिडकी उघडली का हे लावतेत. हे राजापायी नाही वो मॅडम. हे काहीतरी दुसरंच आहे."

दुसरं काय होतं ते पुढच्या सोमवारी कळलं. बस सुटायच्या वेळी काका आले आणि त्यांच्यामागे थोरला, इस्त्रीच्या शर्टात. काकांनी त्याचा दंड धरून त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं. खाजेमुळे कान-मान झाकायला त्यांनी डोक्याला पंचा गुंडाळला होता. ते मागे गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "फाटकापाशी सांगतो साऱ्यांले. दोन्ही गाड्या एकाच घरात. मोठा मालक थोरला." दाराशी उभ्या धाकट्याला त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. तो आनंदी नव्हता, पण उभा होता.

थोरला खुर्चीत ताठ बसला होता. त्याचा एक हात सारखा गुडघ्यावर उघडमीट करत होता. तो लाजला होता आणि त्याला बरं वाटत होतं, हे पाठीमागूनही दिसत होतं.

कंपाउंडर त्या दिवशी मधल्या गावच्या थांब्यावर चढला. हातात वर्तमानपत्र. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, शेवटच्या बाकाकडे पाहिलं, पंचा पाहिला आणि वर्तमानपत्राचं पान उलटून एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"अरे बाप्पा! आज सूर्यग्रहण! भारतात दिसणार नाही म्हणते, पण आहे!" मग खुर्चीपुढे वाकून कमरेतून मुजरा. "बदली मालकाचा विजय असो! माझी नोकरी गेली म्हणा की!"

बस हसली. हसणारच होती. इतकी वर्षं हेच चाललं होतं. कोणी तरी म्हणालं, "पाटवडी आणली का भाऊ?" दुसरा म्हणाला, "खाऊन घे, संध्याकाळी मरतेस."

थोरल्यानं पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर बाप बसला होता, डोक्याला पंचा गुंडाळून.

काका उठले होते. "नाही, नाही, आज थे नाही, मले ग्रहणाचं माहीतच..." पण हशात ते कोणाला ऐकू जात नव्हतं. मी उठून "गप्प बसा सगळे" म्हटलं, वर्गात म्हणते तसं, आणि बस गप्प झालीही. तोवर थोरल्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवली होती. तो उतरला आणि रस्त्याच्या कडेनं परत तुमसरकडे चालू लागला. काका त्याच्यामागे उतरले. त्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. थोड्या अंतरावर ते वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले.

नंतर कंपाउंडर स्वतः नाकाडोंगरीला गेला. थोरला तिथं सासुरवाडीला जाऊन राहिला होता. कंपाउंडरनं हात जोडून सांगितलं की चूक माझी, काकांना ग्रहण खरंच माहीत नव्हतं. थोरला म्हणाला, "त्यांले माहीत नव्हतं? त्यांले?" त्याचंही खरं होतं.  सातासमुद्रापलीकडे ग्रहण दिसणार असलं तरी खुर्ची सोडणारे काका ते.

काकाही नाकाडोंगरीला गेले. काकू बरोबर होत्या, त्यांनीच मला हे सांगितलं. थोरला अंगणात जीपचं चाक खोलत होता. काका म्हणाले, बाबू, मी खरंच बसवलं होतं तुले. थोरल्यानं पाना खाली ठेवला आणि विचारलं, "बाबा, तुम्ही फाटकापाशी शपथ घेतली तवा मी बाबिलोनवाला. ग्रहणाच्या दिवशी मी मरणारा. या साऱ्या गोष्टीत मी तुमचा पोट्टा कुठी आहे, थे एकदा सांगा."

काका परत आले.

चार-पाच दिवसांत बसचा गिअरबॉक्स गेला आणि ती अंगणात उभी राहिली. आता धाकट्याच्या बाजूनं बघा. शपथेप्रमाणे बस त्याची. थोरला रागावून गेलेला, गावभर साक्षीदार. त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. पण तो बापासमोर उभा राहून म्हणाला, "बाबा, तुमचा राजा मरून हजारो वर्षं झाले. आपली बस कालपासून बंद आहे. मी दादाले आणाले जातो. मले दारात उभं राहता येते, गाडीखाली जाता येत नाही." आणि मोटरसायकल काढून गेला.

त्या दोघांचं तिथं काय बोलणं झालं ते कोणाला माहीत नाही. दोघंही सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगणात थोरल्याचे पाय दिसले, आणि शेजारी धाकट्याचेही.

बस पुन्हा सुरू झाली त्या सकाळी स्टिअरिंगवर थोरला, दारात धाकटा. पुढच्या खुर्चीवर एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन बसली होती, धाकट्यानंच बसवली होती. काका आमच्यात, मधल्या बाकावर खिडकीशी. फाटक उघडंच होतं, पण थोरल्यानं त्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन थांबवली. तो वळून बसला. मी त्याला इतकं बोलताना तेव्हाच ऐकलं.

"बस दोघांची. जीप दोघांची. चाव्या आईपाशी. कोणी शपथ घ्याची गरज नाही. आन् बाबा..." इथं त्यानं मधल्या बाकाकडे पाहिलं. "बसमंधी राजा नाही पाहिजे. कोणत्याच दिवशी."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, हे मागणं जास्तच झालं. बस मागितली असती तर ते कठीण नव्हतं, ती ते देऊन बसलेच होते.

"बरं," काका म्हणाले.

आम्ही धरून चाललो होतो की आठवडाभर टिकेल. तुमसरचं शेवटचं दुकान मागे पडलं की त्यांची मान वळायची, मग ते खिडकीबाहेर पाहायचे. धानाची रोवणी चालू असली तर कोणाच्या पऱ्ह्यांची रोपं कशी आहेत ते सांगायचे. ढिगारे यायचे आणि जायचे. एक ग्रहण आलं, कंपाउंडरनं वर्तमानपत्र उघडलंसुद्धा नाही. काका त्याच बाकावर बसून होते. चिखला येईपर्यंत त्यांनी समोरच्या बाकाची कड सोडली नाही. उतरताना धाकट्यानं हात दिला, तो त्यांनी घेतला.

खरं सांगायचं तर प्रवास कंटाळवाणा झाला होता. कंपाउंडर एकदा थोरल्याला म्हणालाही, "भाऊ, थोडीशी सूट दे ना गा." थोरला म्हणाला, "नाही."

माझी बदली व्हायच्या थोडं आधी आरोग्य केंद्रात एक नवीन नर्स आली. गोंदियाकडची, बोलकी. काकांच्या शेजारी बसली. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

"काका, तुम्ही इराकला होते म्हणे?"

 धाकटा दारात होता, त्यानं आत पाहिलं. पुढच्या आरशात थोरल्याचे डोळे एकदा वर आले.

"हाव," काका म्हणाले.

"काय होतं तिथं?"

"ऊन तपे."

"आपल्यापेक्षा जास्त?"

"आपल्यासारखंच."

"पण तिथं मोठमोठे राजे होऊन गेले ना? आम्हाले शाळेत होतं कायतरी. तुम्ही पाहिलं असंल ना?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. चिखल्याचे ढिगारे नुकतेच दिसायला लागले होते.

"असंल बेटा," ते म्हणाले. "मी कामाले गेलो होतो."